आराम हाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मंदाला वाटतं, तिला माझं सगळं ठाऊक आहे — आणि बरंचसं आहेही. कोणती गाडी कुणाच्या गळ्यात कशी मारली, कुणाशी कशावरून वाजलं, कुणाच्या दारात जाऊन मी काय बोलून आलो. पण हे नाही. मग तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि तुमच्याकडून मला काही काढायचं नाही म्हणून. ज्यांच्याकडून काहीच काढायचं नव्हतं, अशी माणसं माझ्या आयुष्यात फार थोडी आली.

अकोल्यात, जठारपेठेच्या अलीकडे, माझं जुन्या दुचाक्यांचं दुकान आहे. पुढे विकायच्या गाड्या, मागे पत्र्याच्या शेडमध्ये दुरुस्ती. हे मी शून्यातून उभं केलं. असं सगळेच म्हणतात. माझ्या बाबतीत ते खरं आहे. आणि भाव करण्यात माझा हात धरणारा त्या रस्त्यावर कुणी नाही. माझी एक पद्धत आहे. मी खोटं बोलत नाही. हसू नका — खरंच नाही बोलत. ‘एका हातची गाडी हाय’ असं मी म्हणतो. तो हात कसा होता ते सांगत नाही. ‘इंजिनाले कोणी हात लावला नाही’ म्हणतो. नसतोच लावलेला, लावायला हवा होता ती गोष्ट वेगळी. गिऱ्हाईक त्याला हवं ते ऐकतं. नंतर कुणी दारात येऊन ओरडलं तर मी त्याच्यावर दुप्पट ओरडू शकतो, कारण माझा शब्द खोटा नसतो.

हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे झालं, त्यातही मी एकही शब्द खोटा बोललो नाही. — पाहा, अजून तेच धरून बसलो आहे.

दादाबद्दल सांगायला पाहिजे. म्हणजे, माझ्या रागाबद्दल.

आमचं गाव भातकुलीकडचं. आम्ही दोघंच भाऊ, दादा थोरला. तो हुशार होता. मी नव्हतो का? कुणी पाहिलंच नाही. घरात एकच खाट होती आणि तिच्यावर दादा छातीवर पुस्तक ठेवून पडलेला असायचा. मी काही पाडलं, शिट्टी वाजवली, नुसता पाय आपटत आत आलो, तरी चुलीपासून आईचा आवाज यायचा, “सुभ्या, हळू चाल न! दादाले आराम करू दे. पेपर हाय त्याचा.”

आराम. हा शब्द मी त्या घरात किती वेळा ऐकला असेन? त्यात एकदाही तो माझ्यासाठी नव्हता. आठवी झाली आणि मला अकोल्याला एका गॅरेजवर टाकलं. तिथे एकदा हातानं दाबून पाहताना स्कूटरची किक उलटी आली आणि माझं मनगट मोडलं. उस्तादानं फडकं गुंडाळून दिलं आणि म्हणाला, “दुसरा हाथ है ना? चल, उससे पकड.” मी डाव्या हातानं पाने फिरवले. ते मनगट आजही वाकडं आहे. त्यावर घड्याळ नीट बसत नाही. घरी कळवलं तेव्हा आईचा निरोप आला — जपून राहा, दादाची परीक्षा सुरू आहे, येणं होत नाही.

दादा मास्तर झाला. भातकुलीला नोकरी, अमरावतीला घर. माणूस वाईट होता का? नव्हता. हे कबूल करताना मला त्रास होतो, पण नव्हता. फक्त लग्नाकार्यात चार लोकांत माझी ओळख करून द्यायची वेळ आली की म्हणायचा, “हा आमचा सुभाष. अकोल्याले गाड्याइचं करते.” गाड्याइचं करते! दुकान आहे त्याचं, एवढं म्हणायला काय जात होतं? त्यानं ते मुद्दाम म्हटलं असेल असं मला आता वाटत नाही. तेव्हा वाटायचं. मी ते शब्द वर्षानुवर्षं जिभेखाली धरून ठेवले होते.

वहिनींना एका साध्या ऑपरेशनसाठी नेलं होतं. त्या आतून परत आल्या नाहीत. त्यानंतर दादासमोर ‘ऑपरेशन’ हा शब्द काढायची सोय राहिली नाही. मुलगी वैशाली लग्न होऊन पुण्याला गेलेली. तो त्या घरात एकटाच राहायचा, निवृत्त, मधुमेह, सकाळी फिरणं, पेपर वाचणं. आणि मग एक दिवस त्याच्या फाटकासमोर कुत्र्याचं एक पिल्लू गाडीखाली आलं.

मेलं नाही. मागचा पाय मोडला. दादानं ते उचलून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. संध्याकाळी मला फोन. एरवी सणावारी फोन करणारा माणूस! “सुभ्या, डॉक्टर म्हणे सळई टाकून देतो. म्या म्हटलं, नाही. लहान जिवाचं हाड हाय, आराम देला तं आपोआप जुळते. मंग तोही म्हणे, जुळते, पण पाय टेकू देऊ नका.” आवाज असा, जणू शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. पिल्लाचं नाव काय ठेवलं, तर काहीच नाही. नुसतं ‘पोट्टं’. आमच्याकडे लेकराला म्हणतात तसं. माह्यं पोट्टं जेवलं, माह्यं पोट्टं झोपलं.

त्या दिवसांत एकदा मी टायर आणायला अमरावतीला गेलो होतो, तेव्हा त्याच्या घरी डोकावलो. संत्र्याची जुनी लाकडी पेटी, तिच्यात गोधडीचा तुकडा, आणि त्यात ते गव्हाळ रंगाचं पिल्लू. मागच्या पायाला कापूस, पट्टी, वर बँडेज. पेटी मुद्दाम लहान घेतलेली, त्याला फिरता येऊ नये म्हणून. त्याला बाहेर काढायचं झालं की दादा आपला पांढरा दुपट्टा त्याच्या पोटाखालून घालायचा, दोन्ही टोकं वर धरायचा आणि त्याला तसंच तोलत जास्वंदीपाशी न्यायचा. पिल्लू पुढच्या पायांवर उभं, मागचं अंग दुपट्ट्यात. आणि दादा — सत्तरीला आलेला, पोट सुटलेला माणूस — कमरेत वाकून उभा. त्याचं होईपर्यंत. घाई नाही, काही नाही.

मी दारात उभा राहून पाहत होतो. तेव्हा मला काय वाटलं सांगू? मला त्या पिल्लाचा हेवा वाटला. कुत्र्याच्या पिल्लाचा! मी माझं वाकडं मनगट खिशात घातलं आणि चहा न घेताच निघालो.

मग दादा पडला. न्हाणीत, ओल्या फरशीवर. खुब्याचं हाड मोडलं.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याचा पाय वजन लावून ताणून ठेवला होता. मला पाहिल्याबरोबर काय म्हणाला असेल? “सुभ्या, पोट्टं घरी एकटं हाय बे.” वैशू पुण्याहून निघाली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लागेल, पण साखर फार चढली आहे आणि छातीत कफ आहे. आधी ते आटोक्यात येऊ दे. पिल्लाला कोण सांभाळणार? शेजाऱ्यांच्या घरात मांजर. वैशू दवाखान्यात. राहिलो मी.

दादानं मला पलंगाशी बसवून सगळं समजावलं. पाय टेकू द्यायचा नाही. पट्टी ओली होऊ द्यायची नाही. दुपट्टा असा घालायचा. “औषध-गिवषध काही नाही त्याले. नुसता आराम पाहिजे. समजलं का?” मी म्हटलं, समजलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मास्तर शेवटच्या बाकाकडे पाहतो तसं. “तुह्यानं होईन का?”

होईन का! हजार भंगार गाड्या उभ्या केल्या मी. पण दादा ताणलेल्या पायानं पडलेला होता, म्हणून ‘होईन’ एवढंच म्हणालो. त्याच्या घरून पेटी उचलून व्हॅनमध्ये टाकली आणि अकोल्याला आलो.

घरी मंदाला दमा, म्हणून पेटी दुकानामागच्या शेडमध्ये ठेवली. पहिले काही दिवस मी सगळं नीट केलं, हे खरं आहे. दुपट्टा घालून बाहेर नेलं. दूध-पोळी चारली. संध्याकाळी दादाचा फोन यायचाच. “पोट्ट्याले आराम हाय का?” आणि मी म्हणायचो, “आराम हाय.”

आता हा आमचा शब्द पाहा. आराम म्हणजे पडून राहणं, विसावा. आणि आजारी माणसाबद्दल विचारतात तेव्हा आराम म्हणजे बरं वाटणं. आराम पडला म्हणजे बरा झाला. एकाच शब्दाचे दोन चेहरे. सुरुवातीला माझ्या मनात काही नव्हतं. पिल्लू पेटीत पडून होतं, म्हणजे आरामात होतं. मी तसं सांगत होतो.

मग एक दिवस — दिवस वाईट होता. परतवाड्याचं एक गिऱ्हाईक ठरलेला सौदा मोडून गेलं होतं, मी त्याच्यावर रस्त्यापर्यंत ओरडत गेलो होतो. डोकं तापलेलं. त्यात दादाचा फोन. पट्टी पाहिली का? वास तर नाही येत? उचलताना पोटाखाली हात घालतो ना? तू घाईचा माणूस हायस, सुभ्या, तुले धीर नाही. मी फोन ठेवला. मागे पिल्लू केकाटत होतं. पेटीत घाण झाली होती, पट्टी ओली झाली होती. मी पान्यांच्या पेटीतून कात्री काढली आणि ती पट्टी टराटरा कापून टाकली. पिल्लाला शेडच्या मधोमध ठेवलं आणि म्हणालो — हो, मोठ्यानं म्हणालो, “चाल. दाखव चालून. लय झाला आराम.”

मी असं का केलं? राग होता, हे आहेच. पण खरंच मला तसं वाटतही होतं. आमच्या धंद्यात उभी गाडी सडते. महिनाभर उभी ठेवा — बॅटरी बसते, टायरला चपटेपणा येतो, ब्रेक जाम होतात. गाडी रोज फिरवायची असते. आणि हाड काय, मनगट काय — माझं कुणी पेटीत ठेवलं होतं? मी चाललोच ना? हे माझं शहाणपण होतं. मी ते एका लहान जिवावर चालवून पाहिलं.

आणि ते चाललं! खोटं नाही सांगत. लंगडत, पाय जेमतेम टेकवत, पण चाललं. माझ्याकडे पाहून शेपटी हलवली. मी हसलो. दादाची सगळी शिकवणी मी एका दुपारी खोटी पाडली होती. पुढचे काही दिवस मी त्याला मोकळंच ठेवलं. ते गाड्यांखालून फिरायचं, कामावरच्या पोरांच्या पायात यायचं. संध्याकाळी फोन, “आराम हाय का?” “आराम हाय, दादा.” आता त्या शब्दाचा दुसरा चेहरा मी पुढे केला होता.

मग एका सकाळी ते एका मोपेडखाली जाऊन बसलं आणि बाहेर येईना. ओढून काढलं तर पाय गुडघ्याच्या वर वाकलेला — चिंचेच्या आकड्यासारखा.

तेव्हा काय करायला हवं होतं? डॉक्टर. हे कुणालाही कळतं. पण डॉक्टरकडे नेलं म्हणजे दादाला कळणार, आणि कळलं म्हणजे — तुह्यानं होईन का? ते एक वाक्य माझ्या कानाशी बसलं होतं. मी स्वतःच बांधायला घेतलं. पत्र्याची एक पट्टी घेतली, आणि वरून जुन्या ट्यूबचा पट्टा आवळला. कॅरिअरवर ओझं बांधतो तसा. सुटू नये म्हणून घट्ट. मी बांधलेलं ओझं आजवर कधी सुटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंजा सुजला. मला वाटलं, सूज उतरेल. तिसऱ्या दिवशी तो थंड लागला. पिल्लू केकाटायचं थांबलं होतं, आणि ते शांत झालं म्हणून मला बरं वाटलं. वास येऊ लागला तेव्हा मी पेटी आणखी मागे, ऑइलच्या डब्यांपाशी सरकवली.

आणि त्याच सकाळी वैशूचा फोन आला.

दुकानात एक गिऱ्हाईक होतं. गाडी चालवून पाहून आलेलं, अजून सीटवर बसलेलं. त्याचं मन झालं आहे हे मला दिसत होतं. “भाऊ, हे आवाज जास्त नाही करत का?” तो म्हणत होता, आणि मी म्हणत होतो, “आवाज हाय म्हणून लोक बाजूले होतात. हॉर्नचं काम वाचते.” तो हसला. फोन वाजला.

“काका,” वैशू रडवेल्या आवाजात म्हणाली, “साखर उतरलीय. डॉक्टर उद्या ऑपरेशन करायला तयार आहेत. पण बाबा सहीच करत नाहीत. म्हणतात, आरामानं जुळेल. डॉक्टर म्हणाले, आता नाही केलं तर ते परत उभे राहणार नाहीत. झोपूनच राहतील, आणि झोपून राहिलेला माणूस फार दिवस — काका, तुम्ही बोला त्यांच्याशी. तुम्ही कुणालाही पटवू शकता. बाबा स्वतः म्हणतात, सुभ्या दगडालाही गाडी विकेल.”

दादा असं म्हणायचा? मला माहीत नव्हतं.

एवढं लक्षात घ्या — मला सगळं सांगितलं गेलं होतं. परत उभा राहणार नाही, हे स्पष्ट शब्दांत. माझ्याजवळ न कळण्याची सबब नाही.

तिनं फोन दादाच्या कानाला लावला. त्याचा श्वास मोठा ऐकू येत होता. त्याला भीती वाटत होती. मी त्याला कधी घाबरलेलं ऐकलं नव्हतं. “सुभ्या,” तो म्हणाला, “खरं सांग. पोट्ट्याले आराम हाय का?”

पेटी माझ्यापासून किती दूर होती? शेडच्या दारातून दिसत होती. आणि मी म्हणालो, “आराम हाय, दादा.”

“म्हणजे बिना ऑपरेशनचा?”

तेव्हा मला ते सुचलं. धंद्यात सुचतं तसं, लगेच, विचार न करता, आणि सुचल्याचा आनंदही झाला. मी म्हणालो, “आपण कुठी त्याचं ऑपरेशन केलं?”

खरं होतं. एक अक्षर खोटं नव्हतं.

पलीकडे दादाचा आवाज एकदम मोकळा झाला. तो मला नाही, वैशूला सांगत होता, “पाह्य, पाह्य! काका काय म्हणते ऐक. पोट्ट्याले आराम पडला.” मग फोन कट झाला की त्यांनी ठेवला, ते आठवत नाही. गिऱ्हाईक विचारत होतं, “कोण बिमार हाय का, भाऊ?” मी म्हटलं, “मोठे बंधू. पडले होते.” आणि त्याला ती गाडी विकली. माझ्या भावात.

आता इथवर आलोच आहे, तर उरलेलंही सांगतो. तुम्हाला वाटत असेल, भित्रा माणूस. पिल्लाचं केलेलं झाकायला बोलला. तसं असतं तर मी हे एव्हाना मंदाला सांगितलं असतं. भित्रेपणा बायकोला सांगता येतो. पण ‘आराम हाय’ म्हणताना माझ्या आत आणखी काहीतरी बोललं, आणि ते मी स्वच्छ ऐकलं. ते म्हणालं — कर आता आराम. जन्मभर केलास, अजून कर. पेपर हाय तुहा.

हे मी माझ्या भावाबद्दल म्हणालो. तो दवाखान्यात घाबरून पडला होता, आणि त्यानं मला खरं विचारलं होतं.

त्याच दुपारी मी पिल्लाला अकोल्यातल्या एका जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. म्हणजे नेता येत होतं, पाहा. सकाळीही नेता येत होतं. डॉक्टरनं ट्यूबचा पट्टा पाहिला आणि विचारलं, हे कोणी बांधलं? मी म्हणालो, गाडीखाली आलं होतं. तेही खरंच. त्यांनी पाय वरून काढून टाकला. दवाखान्याच्या बाकावर बसून मी मोबाइल हातात धरला होता. अमरावतीला फोन करायला अजून वेळ होता. ती संध्याकाळ होती, दुसरा पूर्ण दिवस होता, त्यानंतरचाही काही वेळ होता. वैशूनं पुन्हा एकदा फोन केला, “काका, तुम्ही काय सांगितलं त्यांना? ते आता ऐकायलाच तयार नाहीत.” मी म्हणालो, “त्यानं पिल्लाचं विचारलं, म्या सांगतलं.” ती म्हणाली, बरं.

दादाला घरी आणलं. खोलीत पलंग, खिडकीतून जास्वंद दिसेल असा. माणूस ठेवला, वैशू येऊन-जाऊन. आणि मी दर रविवारी जायचो. दुकान बंद ठेवून जायचो. फळं न्यायचो, दाढी करून द्यायचो, त्याच्या पाठीला पावडर लावायचो. त्याला उचलायचं झालं की कमरेखालून चादर घालायची, एक टोक त्या माणसानं धरायचं, एक मी. पहिल्यांदा तसं उचललं तेव्हा दादा हसला. म्हणाला, “पोट्ट्यासारखं.” मी चादरीचं टोक सोडलं नाही. इतकंच केलं.

हाड जुळलं नाही. पाय आखडला, बाहेर वळून पडला. पाठीला जखमा झाल्या. त्या भरायच्या आणि पुन्हा व्हायच्या. पण दादाचा विश्वास फार दिवस टिकला, हे त्यातलं सगळ्यात वाईट. म्हणायचा, माह्यं वय हाय, मले जरा वेळ लागन. म्हणायचा, पोट्ट्याले आण न एकदा, चालताना पाहू दे. मी म्हणायचो, त्याले गाडीत उलट्या होतात. म्हणायचो, मोठं झालं आता, तुले ओळखणार नाही. तो हसायचा. नंतर त्यानं म्हणणं सोडलं.

सगळ्या नात्यात माझं नाव झालं. भाऊ असावा तर असा. मंदासुद्धा शेजारणीला सांगायची, आमचे हे तापट आहेत, पण भावासाठी जीव टाकतात. मी ऐकत असायचो.

शेवटच्या रविवारी त्याच्या अंगात काही राहिलं नव्हतं. मी पलंगाशी बसलो आणि, काय बोलावं ते न सुचून, विचारलं, “दादा, आराम हाय का?”

त्यानं छताकडे पाहिलं. मग म्हणाला, “आराम हाय.”

मी जन्मभर शब्द तोलून विकले आहेत. कोणता शब्द कोणत्या बाजूनं वाजवला आहे, हे मला कळतं. तो कसा वाजवला होता, तेही मला कळलं. त्याला काही माहीत होतं का? पिल्लाचं? माझं? की तो नुसता थकला होता? मी विचारलं नाही. त्याचं बोलणं संपलं नव्हतं. डोळे मिटूनच त्यानं विचारलं, “अन् पोट्ट्याले?”

“त्यालेही,” मी म्हणालो.

दादाच्या तेरवीच्या दिवशी वैशू सगळ्यांसमोर माझ्या पाया पडली. म्हणाली, काकांनी बाबांचं फार केलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. या वाकड्या मनगटाचा हात.

कुत्रा आता दुकानातच असतो. तीन पायांवर फिरतो, गिऱ्हाइकांना आवडतो. कुणी विचारलं की मी सांगतो, गाडीखाली आला होता. दादाचं विचारलं की सांगतो, न्हाणीत पडले होते.

मी दिवसभर लोकांना ‘नाही’ म्हणत असतो. एवढ्यात नाही, उधार नाही, परत घेणार नाही. त्या सकाळी दादानं विचारलं तेव्हा मला तेवढाच एक शब्द म्हणायचा होता. तो म्हटला असता, तर त्यानं मला शिव्या घातल्या असत्या, आणि सही केली असती. मी तो म्हटला नाही. मला म्हणायचा नव्हता.